डाळिंबाच्या फाटकावरची बाहुली

दाताचा डॉक्टर हाय एक बारामतीत. पुष्कर. आडनाव सांगत न्हाय, माझी खालची कवळी अजून त्येच्याकडनंच बसवायचीय. हसू नगा. सुयोग, तो मोबाईल पालथा ठेव आधी, तोंडावर उजेड पाडून भुताची गोष्ट ऐकतोय का? हां. तर ह्यातलं निम्मं मला खुद्द डॉक्टरनं सांगितलंय, तेबी सावळारामतात्याच्या बांधावर बसून, नाक गळत.

ह्या डॉक्टरला बाहुल्यांचा नाद. व्हय, बाहुल्यांचा! बेचाळीस वर्सांचा बाप्या. सिनेमातल्या पात्रांच्या बाहुल्या निघत्यात म्हणं, मोजक्याच काढत्यात, त्या परदेशातनं मागवायच्या. काचंच्या कपाटात चाळीसेक भरल्यात, सगळ्या डब्यासकट. डबा फोडायचा न्हाय. डबा फोडला की बाहुली बाद! आता मला सांगा, जिचं केस इंचरायचं न्हाईत, जिला कडंवर घ्यायचं न्हाय, ती कसली बाहुली? घरात सहा वर्सांची लेक, इरा. तिला बघायचं झालं तर दोन्ही हात पाठीशी बांधून उभं राहायचं. "हात मागे, इरा! काचेवर बोटं उमटतात." असल्या शिकलेल्या माणसापरास आमची गुरं बरी, वासराला चाटत्यात तरी.

आता सावळारामतात्या. निरवांगीत त्येचं दोन एकर डाळिंब, माझ्या बांधाला बांध. त्येच्या नातीला, राजनंदिनीला, बोटीवर नोकरी करणाऱ्या मामानं अशीच एक बाहुली धाडली. सिनेमातली समुद्रावरची दरोडेखोरीण. लाल कोट, कमरंला तलवार, एक भुवई वर चढवून डोळं असं वटारल्यालं, की पोरीनं बघताक्षणी भोकाड पसरलं. डबा गेला बंबात, पाणी तापवायला. आन् तात्या म्हणला, "असली डोळं काढणारी बाई बागंला बरी." तारेनं बांधली फाटकाच्या खांबावर. रस्त्यानं जाणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडायची, मग फळावर. दोन वर्सं बागंला काय बी झालं न्हाय.

पुढं तात्याची दाढ ठणकली. दवाखान्यात दाढ तपासून झाल्यावर डॉक्टरला त्यो मोबाईलवर बागंचा फोटो दाखवाय लागला. डॉक्टरला डाळिंब काय दिसंना. त्येनं फोटो मोठा केला, अजून मोठा केला, आन् मटकन खुर्चीवर बसला.

"तात्या, ही… ही बाहुली उन्हात बांधलीय तुम्ही?"

"व्हय. का हो?"

"आणि हिचा डबा?"

"जाळला की."

डॉक्टरचं तोंड असं झालं जणू त्येचीच दाढ उपटली. मग लागला मागं. द्या मला, काय पायजे ते मागा, दाढ फुकट काढतो. तात्यानं सरळ सांगितलं, "डाक्टर, राग मानू नगा. दोन वर्सं येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर खाल्लीय तिनं. ती बागंची झाली. लेकराबाळांच्या घरात न्यायची वस्तू न्हाय ती."

डॉक्टर हसला. अडाणी म्हातारा, असं मनात म्हणला. हे त्येनंच मला सांगितलं, मी पदरचं घालत न्हाय.

मंगळवार, अठरा फेब्रुवारी, गेल्या सालचा. ना अमावस्या, ना पौर्णिमा. तात्याचं सगळं घर लोणी भापकरला लग्नाला गेल्यालं, हे डॉक्टरला ठावं, कारण तात्यानं त्यापायीच दाढंची तारीख पुढं ढकलली हुती. संध्याकाळी दवाखाना बंद करून ह्यो गाडी घेऊन निघाला. खिशात दातांची तार कापायची पक्कड. बदली म्हणून खेळण्याच्या दुकानातली एक प्लास्टिकची बाहुली. एवढा मोठा डॉक्टर, आन् चोरीसुदिक धड न्हाय, तिच्यातबी भेसळ!

पावणेआठला तार कापली, बदलीची बाहुली खांबावर अडकवली. दरोडेखोरणीला रुमालात गुंडाळली, बाजूच्या सीटवर ठेवली. गडी खूश. बारीक शीळबी घालत हुता.

लासुर्ण्याला चौकात उसाच्या बैलगाड्या लागल्याल्या. गाडी थांबली. टपरीवर चार-पाच माणसं च्या पीत उभी. त्यातल्या एकानं मान वळवली, गाडीकडं बघितलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. च्याचं कप तोंडापाशी तसंच. डॉक्टरला वाटलं, लाईट फुटली काय गाडीची? म्हणून त्येनं काच खाली केली.

"काय झालं हो?"

नुसतं बघत्यात.

वाट मिळाली तसा ह्यो सुटला. बैलांच्या मानाबी वळल्याल्या… जुवाखाली. पुढं एक एसटी समोरनं आली. आत दिवा. खिडकी-खिडकीला तोंड. सगळी ह्येच्याकडं.

त्येनं गाणं लावलं. मोठ्यानं.

घरी पोचला नऊ वाजून पाच मिनिटांनी. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बायको, स्वरदाताई, कॉलेजात शिकवतात, त्या पेपर तपासत बसल्याल्या. ह्यो थेट कपाटाकडं. कुलूप काढलं, मधल्या फळीवर तिला उभी केली, कुलूप लावलं. बायकोला सांगितलंबी न्हाय काय आणलंय ते.

साडेनवाला इरा झोपायच्या खोलीतनं बाहेर आली. दारात उभी राहिली.

"बाबा… एवढी माणसं का बघतायत माझ्याकडे?"

"कुठं गं? कोण माणसं?"

पोरीनं खिडकीकडं बोट केलं. तिसरा मजला. बाहेर नुसता अंधार.

स्वरदाताईंनी तिला कवटाळलं. अंग तव्यासारखं. आन् डोळं… डोळं सताड उघडं. पापणी लवंना. पाण्याचा हात फिरवला, तरी लवंना. बुबुळावर पाण्याचा थेंब तसाच.

"आई, मला झोपायचंय. त्यांना सांग ना… बघू नका म्हणावं."

"कुणी नाहीये सोन्या. मीट डोळे."

"मिटत नाहीत."

मग ती बोलायचीबी थांबली.

डॉक्टर तितंच उभा. तेव्हा त्येला तात्याचं बोलणं आठवलं. लेकराबाळांच्या घरात न्यायची वस्तू न्हाय. पळत गेला. कपाटाला किल्ली लागंना. शेवटी कोपरानं काच फोडली. काच! जिच्यावर पोरीची बोटं उमटू देत नव्हता, ती. त्या बाईला मुठीत धरून दाराकडं धावला. स्वरदाताई किंचाळल्या, "मुलीचे डोळे मिटत नाहीयेत आणि तू बाहुली घेऊन कुठं चाललास?"

त्येच्या जल्माची फळं बायकोनं एका वाक्यात त्येच्या पदरात घातली. त्यांनी शेजारच्या नीळकंठकाकांना हाक मारली, त्यांच्या गाडीतनं पोरीला दवाखान्यात नेली. आन् ह्यो उलटा निघाला, निरवांगीला.

त्या आठवड्यात आमाला रातची लाईट हुती. मी उसाला पाणी द्यायला दारं धरत हुतो. अकराच्या सुमाराला बघतो तर तात्याच्या फाटकाशी गाडीचा उजेड. चोर समजून खोऱ्या घेऊनच गेलो. तर ह्यो. मातीत गुडघं टेकून बसलाय, बदलीची बाहुली बाजूला पडल्याली, कोपराला रगात, आन् तार वळायला बघतोय. लोकांच्या दातात इतकी बारीक तार घालणारा माणूस, त्येला खांबाला एक पीळ मारता येईना!

"सरका," मी म्हणलो. मीच बांधली. बॅटरीच्या उजेडात तिचं तोंड बघितलं. रंग उडाल्याला, भुवई वर. हुती तशीच.

मग फोनची वाट बघत बसलो दोघं. पोरीचं काय झालं ते त्येनं तवाच सांगितलं. मग पाण्याचा आवाज तेवढा.

अकरा वीसला फोन वाजला. त्येनं घेतलाच न्हाय, माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. स्वरदाताई रडत हुत्या.

"झोपली. आत्ताच… मिटले डोळे. इथले डॉक्टर म्हणतात ताप उतरतोय."

मी सांगितलं तसा त्यो ढसाढसा रडाय लागला. मला दया आली असं म्हणायला पायजे. न्हाय आली. त्येला म्हणलं, "तात्या उद्या येतील लग्नाहून, तवर हितंच बसा. त्यांच्या पायावर डोकं ठेवा, मग जावा." बसला बापडा सकाळपातुर, डास मारत.

पोरगी ठणठणीत हाय. आता सात वर्सांची झाली ती. डॉक्टरनं सगळं डबं फोडून तिच्याम्होरं ठेवलं, घे म्हणला, खेळ. पोरगी ढुंकूनबी बघत न्हाय.

तात्यानं दाढ दुसरीकडं काढली. मी मात्र गेल्या महिन्यात गेलो कवळीच्या मापाला. स्वरदाताई इराला घेऊन तितंच आल्या हुत्या. म्हणल्या, "आबा, तुम्ही होतात त्या रात्री, म्हणून दाखवते." आन् पोरीचं तोंड उजेडाकडं केलं.

डाव्या गालावर काजळाची तीट.

त्यांच्या घरात काजळ न्हाय. कुणी लावतबी न्हाय. रोज आंघोळीत धुऊन जाती, आन् सकाळी पोरगी उठती तवा परत असती. पयल्यांदा दिसली ती त्या बुधवारी, दवाखान्याच्या पलंगावर. ताई म्हणल्या, रातभर मी तिचा हात सोडला न्हाय, कुणी जवळ आलं न्हाय.

मी चष्मा लावून वाकून बघितली. माणसाच्या बोटानं लावल्याली तीट मला कळती, चार लेकरं वाढवल्यात. ही मोहरीच्याबी निम्मी. नीट गोल. एवढं बारकं बोट माणसाचं नसतं.