आबांनी दिलेलं आवतण

"अकरा माणसांचा सैपाक हाय, अन् दारात साठ-सत्तर जण उभे हायत... ह्यांना बोलावलं कुणी?"

हनुमान ओसरीवरून जवळजवळ ओरडलाच. आज त्याच्या वडिलांचं, अर्जुनरावांचं, म्हणजे साऱ्या मुलखाच्या आबांचं पहिलं पित्तर. गेलेल्याच्या नावानं गावातला एखादा वडीलधारा पाटावर बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं आणि त्यानं पहिला घास घेईपर्यंत पंगतीत कुणीच अन्नाला हात लावायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. यंदा पाटाचा मान आबांचे जिवलग आश्रुबाकाका यांचा, बाकी दहा जण भावकीतले, असं सगळं ठरलेलं. मग ही धारूरची, सिरसाळ्याची, थेट गेवराईची माणसं कुठून उगवली?

"आबांनीच आवतण दिलंय," पुढं उभा असलेला एक जण म्हणाला. "दवाखान्यात भेटाय गेलतो तवा म्हणले, माझ्या पित्तराला जेवायला येच, इसरलास तर वरून खाली येईन!"

"मला बी तसंच म्हणले!" मागून चार-पाच आवाज आले. गर्दीत हसू फुटलं आणि हसता हसता कितीतरी जणांनी उपरण्यानं डोळे पुसले.

हनुमानला हसू आलं नाही. गेल्यावरसुद्धा माणसं पाठवायचं थांबत नाहीत, असेच होते आबा! बाजाराहून ते एकटे परतले, असं कधी झालंच नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस उतरेपर्यंत सोयरा व्हायचा. कुणाची सोयरीक जुळव, कुणाच्या बांधाचं भांडण मिटव... आणि जेवायला सगळे इथं! वाढायला कोण, तर हनुमान. पोलीस भरतीत नाव निघालं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. धाकटा सुरज शाळेत हुशार, आबांचा पाय घरात टिकत नाही, मग शेत कोण बघणार, आल्यागेल्याचं कोण करणार? कुणी त्याला थांब म्हटलं नव्हतं, तोच थांबला. भरतीचा कागद ट्रंकेत गेला, सुरज पुण्याला जाऊन साहेब झाला, आणि हनुमान अठ्ठावीस वर्षं पंगती वाढून, सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी उरलंसुरलं जेवत राहिला.

त्याचंही दुःख नव्हतं त्याला. दुःख एकच... साऱ्या जिल्ह्याशी बोलणारे आबा त्याच्याशी कधी बोललेच नाहीत! "बैलांना पाणी पाजलं का?" "मोटर चालू केली का?" बस्स, एवढंच. किती आसुसला होता तो एका मायेच्या वाक्यासाठी! दवाखान्यातही आबांच्या उशाशी माणसांची रीघ, आणि हा चहाची किटली घेऊन दारात. आता तो आवाजच राहिला नव्हता, तरी तिन्हीसांजेला फाटक वाजलं की त्याचा जीव अजून दाराकडं धावायचा.

"उभा काय राह्यलास? कढी वाढीव, भाताचं दुसरं आधण ठेव," आई, सुंदरबाई, आतून म्हणाली. हनुमाननं मुकाट्यानं बाह्या सरसावल्या.

दोन तासांनी पंगत बसली. खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं वाढून झालं. पण आश्रुबाकाका काही पाटावर बसेनात.

"बसा की काका, भात निवतोय."

"मी न्हाई बसायचा."

"कावून?"

"हा पाट माझा न्हाई, पोरा." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "शेवटल्या दिवशी तुझा बाप माझा हात धरून म्हणला, 'आश्रुबा, मुलूख जेवला म्हणून लोक माझं नाव घेत्यात, पण वाढलं माझ्या हनुमाननं. त्याची भरती मी घालवली. तोंडानं बोललो न्हाई, पण त्यानं थांबावं हेच मनात व्हतं. पोरगं रोज सगळ्यांच्या मागून जेवलं, मी बघत व्हतो. बोलाय गेलो की लाज वाटती, जीभच उचलत न्हाई. माझ्या पित्तराला त्याला पाटावर बसव. जेवून गेलेल्या सगळ्यांना मी सांगून ठिवलंय... त्यांच्या देखत त्याला पयला घास घेऊ दे.'"

हनुमानच्या हातातली बादली खाली टेकली. "न्हाई काका... लेकानं बापाच्या पाटावर बसायची रीत न्हाई."

"त्यांचा शब्द हाय, बाबा," सुंदरबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "बस."

पित्तरासाठी पुण्याहून आलेला सुरज तांब्या-परात घेऊन पुढं आला आणि भावाच्या पायाशी बसला. "दादा, भरतीचं मला कुणी कधी सांगितलंच न्हाई... पाय पुढं कर."

"अरे, तू साहेब माणूस..."

"आज तरी गप बस!" सुरजनं पाय धुतले. पाणी कमी आणि आसवंच जास्त सांडली त्या परातीत!

हनुमान पाटावर बसला. सत्तर माणसं हात आवरून त्याच्याकडं बघत होती. त्यानं घास उचलला आणि इतक्या वर्षांचा हुंदका एकदम फुटला.

"जेवायचं काय घेऊन बसलात, आबा! एक डाव जवळ बसून माझ्याशी बोलला असतात... तर मी जन्मभर शेवटीच जेवलो असतो!"

सुंदरबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यानं तो घास तोंडात घातला, आणि पंगत जेवू लागली.