चक्रीचं सहावं घर

गुणवंतदादाने हे सांगताना मला एकच अट घातली होती. पदरचं एक अक्षरही घालायचं नाही.

म्हणून त्याने सांगितलं तेवढंच लिहितोय. पटवून घ्यायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

ऑगस्ट २०२३. वार शुक्रवार. जागा, दुबईतल्या रास अल खोरचं एक वेअरहाऊस. आणि वेळ रात्रीची नाही. लख्ख दुपारचे दोन.

गुणवंत माझा मावसभाऊ. वय छप्पन्न. पुण्यात टूलरूममध्ये हात काळे केलेला माणूस. बावीस वर्षांपूर्वी दुबईला गेला आणि जुन्या वस्तू तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागला. घड्याळं, खंजीर, पिस्तुलं. वस्तू अस्सल की नक्कल, कुठे बनली, कधी बनली, ते शोधायचं आणि रिपोर्टवर सही करायची.

'नक्कल आहे' हे सांगून सांगून तो थकला होता. ते कोणालाच ऐकायचं नसतं. आजोबांची वस्तू प्रत्येकाला अस्सलच हवी असते.

विभावरीवहिनी रोज म्हणायची, "पुरे झालं आता. परत जाऊ या."

तो रोज म्हणायचा, "हा महिना जाऊ दे."

त्या आठवड्यात शारजाच्या नबिला नावाच्या बाईंनी एका पेटीत तीन रिव्हॉल्व्हर आणून दिली होती. त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या संग्रहातली. दिसायला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, अमेरिकन फौजेतली. पण तिन्हीच्या नळीखाली इटलीतल्या एका कारखान्याचा शिक्का होता. दादाने नंबर कळवले. उत्तर आलं, १९७४ सालच्या शोभेच्या प्रती, नळी आतून पोलादाने बंद. गोळी कधी सुटलीच नाही, सुटणारही नाही.

दोन तपासून झाली. तिसरं राहिलं होतं.

शुक्रवारी बाराला सगळे नमाजाला गेले, तिथूनच घरी. वेअरहाऊसमध्ये दादा एकटा. सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता.

त्याने तिसरं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. गोळ्या भरायची चक्री हाताने फिरवायला लागला. चक्रीला सहा घरं असतात. प्रत्येक घर पुढे सरकलं की 'टक्' असा आवाज होतो.

टक्. टक्. टक्. टक्. टक्.

सहावं घर सरकलं... आवाज आला नाही.

त्याला वाटलं, आतली पट्टी झिजली असेल. तो चिमटा उचलायला वाकला.

आणि मग... वेअरहाऊसच्या पार मागून, शेवटच्या रॅकपलीकडून...

टक्.

पत्रा तापला की वाजतो. दादाने स्वतःला तेच सांगितलं. पुन्हा चक्री फिरवली.

पाच वेळा हातात.

सहावी टक् मधल्या रॅकजवळ.

तो उठला. सगळे रॅक फिरून आला. कोणी नव्हतं. शटर आतून बंद होतं.

भीती वाटली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भीतीपेक्षा कंटाळा आला रे. वाटलं, आता हेही बाकी होतं का?"

त्याने स्टोअर सांभाळणाऱ्या मोईनला फोन लावला. तसलं आणखी एक रिव्हॉल्व्हर मागे येऊन गेलं होतं, त्याची फाइल कुठे आहे ते विचारायला. खुर्चीत बसून फोन स्पीकरवर ठेवला. मोईन आठवत होता, तोवर दादाचा हात सवयीने चक्रीवर गेला.

मोईनने मध्येच विचारलं,

"गुणवंतभाई, आप अरबी में गिनती क्यों कर रहे हो?"

"मैं? मैं तो कुछ नहीं बोला."

"कोई तो गिन रहा है. वाहिद, इथनेन... खम्सा पे आके रुक गया."

दादाने हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. पाच घरं सरकली होती.

"यल्ला भाई, आप बाहर निकलो," मोईन म्हणाला. "अभी निकलो."

पण अंगठा थांबला नाही. सहावं घर सरकलं.

टक्... खुर्चीच्या अगदी मागे. पाठीला पाठ टेकावी इतकं जवळ.

दादाने मागे वळून पाहिलं नाही. रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं, समोर बघत चालत गेला, शटर उचललं. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन होतं. तो फुटपाथवर बसून राहिला. आणि त्या उन्हात त्याला हुडहुडी भरली होती.

सोमवारी नबिलाबाई आल्या. साठीच्या, डोळ्यांखाली काळं. हिंदी बरी बोलायच्या.

"नक्कल आहेत," दादा म्हणाला. "तिन्ही."

बाई खाली बसल्या. "नीट बघितलंत? ते तिसरं... खरं नाही?"

"नाही, मॅडम. नळीच बंद आहे."

"मग असली असं लिहा ना." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "असली निघालं तर पोलीस जमा करतात. घरातून जाईल."

"तुम्हाला नको आहे ते?"

"विकलं, तर घेणारा आठवड्यात परत आणून देतो. दोनदा झालं." त्या हळू बोलत होत्या. "बाबांना शेवटी दिसत नव्हतं. दिवसभर ते फिरवत मोजायचे. पाचपर्यंतच. मी विचारलं, सहावा का नाही मोजत? म्हणाले, तो मी मोजत नाही."

"मग कोण मोजतं?"

"ते नाही सांगितलं. आता मी हातही लावत नाही, तरी मोजणी होते. मुलं कॅनडात आहेत. मी एकटीच असते. बसायची खोली बदलून बघितली..."



दादासमोर रिपोर्ट होता. बावीस वर्षांत त्याने खोटी सही केली नव्हती. आणि खोटं लिहायचं तरी कसं? पोलिसांनी नळीत नुसती तार घातली असती तरी कळलं असतं.

त्याने 'प्रतिकृती' लिहिलं आणि सही केली.

बाईंनी पेटी उचलली. दारापाशी थांबून "शुक्रन" म्हणाल्या आणि गेल्या.

पंधरा दिवसांनी दादाने त्यांना फोन केला. उचलला नाही. महिन्याने केला. नंबर बंद. मोईन शारजाला जाऊन आला. घराला कुलूप होतं, गाडी दारातच होती, गाडीवर वाळू साचलेली. शेजाऱ्यांना विचारलं. बाई कधी गेल्या, कोणी पाहिलं नव्हतं.

दादाने राजीनामा दिला. आता तो आणि वहिनी पुण्यात असतात. मागच्या दिवाळीत मी त्याला सरळच विचारलं, "खरं सांग, काय होतं ते?"

"नक्कल," तो म्हणाला. "शंभर टक्के नक्कल. आजही तीच सही करीन."

मग त्याने निवलेला चहा बाजूला सरकवला.

"पण ती पेटी मी ठेवून घ्यायला हवी होती," तो म्हणाला. "मला नुसतं म्हणायचं होतं, राहू द्या इथेच. तेवढंही सुचलं नाही रे. इतका थकलो होतो."