टेस्टरची बाटली

दातांच्या दवाखान्यात नोकरी म्हणजे अंगाला कायम लवंगतेलाचा वास. घरात पाऊल टाकलं की दादा ओरडायचा, "आली बघा दातदुखी!" एका संध्याकाळी वैतागून मी शेजारच्या मेडिकलमध्ये शिरले आणि काउंटरवरच्या सगळ्यात स्वस्त परफ्यूमचा टेस्टर मनगटावर मारला.

"लगेच वास घेऊ नका," काउंटरमागचा मालकाचा मुलगा म्हणाला. "जरा थांबा. खरा वास मग कळतो."

थांबले. मग माझ्या मनगटाजवळ वाकून त्याने डोळे मिटले.

"वा... फुलांचा!"

"आणि लवंगेचा?"

"छे! कुठंय?"

झालं... माझी विकेट तिथेच पडली. नाक न मुरडणारा पहिला माणूस भेटला होता! मग रोज टेस्टर, रोज ते थांबणं आणि गप्पा. परफ्यूम मात्र मी कधी विकत घेतला नाही. घेतला असता, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या निमित्ताने गेले असते?

पुढे आमचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला हलायचं ठरलं. शेवटच्या संध्याकाळी मी मेडिकलमध्ये गेले. आज हा काही बोलला नाही, तर संपलंच सगळं.

त्याने बाटली उचलली. फुस्स... मनगट गार पडलं. तो वाकला, डोळे मिटले.

"वा... फुलांचा!"

"अहो, हे स्पिरिट आहे!"

त्याच्या वडिलांनी रिकाम्या बाटलीत काचा पुसायचं स्पिरिट भरून ठेवलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला.

"मला... वासच येत नाही. लहानपणी आजारात गेला."

"मग रोज ते डोळे मिटून —"

"तुम्ही थांबावं म्हणून." त्याने बाटली खाली ठेवली. "उद्यापासून मी आलो तर... चालेल? तुमचा दवाखाना सुटताना?"

ज्या गोष्टीवर भाळले, तीच खोटी निघाली होती. राग यायला हवा होता, पण मला हसूच आवरेना.

"जरा थांबा," मी म्हणाले. "खरं उत्तर मग कळतं."

धीर मात्र मलाच निघाला नाही.

तो परफ्यूम केव्हाच बाजारातून गेला. बाटली आमच्या कपाटात रिकामी पडून आहे. तरी कामावरून आले की मी दारातच मनगट पुढे करते. हा वाकतो, डोळे मिटतो.

"वा... तोच!"

मनगटाला नुसती लवंग असते.