मी सांगेपर्यंत

तिचं मागणं फार मोठं नव्हतं. आठ वर्षांच्या लेकीच्या वेण्या घालताना डावा हात वर जावा, एवढ्यासाठी ती अर्ध्या दिवसाची रजा काढून फिजिओथेरपीला गेली. हॉटेलच्या लाँड्रीत ती दिवसभर चादरींना इस्त्री करायची. इस्त्री उजव्या हातात आणि ठणकायचा मात्र डावा खांदा, तोही वर्षानुवर्षं. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. "तुम्हाला काहीच झालेलं नाही," असं डॉक्टरांनी अशा थाटात सांगितलं होतं, जणू ते ऐकून खांदा लाजेल आणि दुखायचा थांबेल.

थेरपिस्टबाई वयाने मोठ्या, हात उबदार. खोलीचे पडदे ओढलेले होते, पंखा घरघरत होता. त्यांनी तिला पालथं झोपवलं आणि खांद्यावर तळहात टेकवला.

"लहानपणी मार लागला होता का इथे?"

"मार नाही..." ती म्हणाली, आणि का कोण जाणे, नवऱ्यालाही कधी न सांगितलेलं सांगून बसली. वडील कारखान्यातून पिऊन यायचे. आतल्या खोलीची कडी तुटकी. आई तान्ह्या भावाला घेऊन पलंगाआड बसायची आणि हिला दाराला पाठ लावून उभी करायची, डावा खांदा बरोबर कडीखाली. 'मी सांगेपर्यंत सोडू नकोस हं.' वडील आधी दारावरून सावकाश तळहात फिरवायचे. सर्र... सर्र... मग ढकलायचे.

"मग आई कधी म्हणायची, सोड म्हणून?"

ती आठवत राहिली. "नाही म्हणायची. मला उभ्याउभ्याच झोप लागायची. आता दोघंही नाहीत."

बाईंनी सुस्कारा सोडला. "पोरवयात एवढ्या भीतीत दिवस काढले की अंग ताठ राहायलाच शिकतं, बाई. माणसं जातात, ते काही सैल होत नाही. असं करू, खांदा मी धरते, तुम्ही सोडा. धरलाय मी... सोडा."

तिने विश्वास ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने खांदा सोडून दिला.

बाईंचा हात एकदम वर उसळला. "ढकलू नका!"

"मी नाही ढकलत..."

"मग हे आतून कोण..."

खोलीत मशीनच्या तेलाचा आणि दारूचा वास पसरला. बाईंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. क्षणभर काहीतरी तिच्या पाठीतून सरकत बाहेर पडलं, आणि ठणका गेला. पार गेला. ती रडायलाच लागली, आनंदाने. बाई मात्र बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून हात धूत होत्या.

"मला धरवलं नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही घरी जा... लवकर जा."

भाजीची पिशवी मुद्दाम डाव्या हातात घेऊन ती जिना चढली. हात हलका, मन हलकं. घरात दिवा नव्हता. शाळेच्या गणवेशातच लेक बेडरूमच्या बंद दाराला पाठ लावून उभी होती, पाय लादीवर रोवून, घामाने ओलीचिंब.

"काय करतेयस गं?"

"आई, शू... आजी म्हणाली, धरून ठेव."

आजी लेकीच्या जन्माआधीच गेली होती. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता.

तिने लेकीला बाजूला ओढलं आणि दार उघडलं. खोली रिकामी होती. खिडकी बंद, पलंग सकाळी आवरला होता तसाच. फक्त तो वास. तिने दार लावून स्वतःचा डावा खांदा कडीखाली दाबला, हाड मोडेल इतका दाबला. दुख रे, दुख, परत ये, ती मनातल्या मनात गयावया करत होती. खांदा दुखला नाही. त्या दाराला आता ती नको होती.

लेक तिच्या बगलेखालून पुन्हा दाराशी घुसली आणि आपल्या जागी उभी राहिली. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर वर चढलेला.

"दुखतंय आई..."

"मग सोड ना! मी सांगतेय ना राणी, सोड!"

लेकीने मान हलवली. "तू सांगून नाही चालणार. आजीने सांगायला हवं."

रिकाम्या खोलीच्या बाजूने, दारावरून, कोणीतरी सावकाश तळहात फिरवला.