ऑडनीचा 'स'

नॉर्वेतल्या बर्गनच्या बंदरामागं, घरातल्याच छोट्या स्टुडिओत सिसेल दुपारी कामाला बसली, तेव्हा नवऱ्यानं, योस्टाइननं, स्वतःच तिच्यापुढं कॉफी ठेवली. काम साधंच होतं. ऑडनीनं बारा वर्षांपूर्वी वाचून रेकॉर्ड केलेलं गोष्टींचं पुस्तक प्रकाशकाला पुन्हा काढायचं होतं. आवाजातला टोचणारा 'स' तेवढा मऊ करायचा होता.

ऑडनी म्हणजे योस्टाइनची पहिली बायको. ती जाऊन नऊ वर्षं झाली. सिसेल या घरात आली तीन वर्षांपूर्वी.

"जपून हं," योस्टाइन म्हणाला. "तिचा 'स' शिट्टी मारायचा. पण तीच तर गंमत होती."

"गंमत तुला! ऐकणाऱ्याचे कान फाटतात."

तिनं ऑडनीचं रेकॉर्डिंग लावलं. तो दाराशी उभा राहून ऐकत राहिला. सिसेलचं बोलणं त्यानं असं तल्लीन होऊन कधी ऐकलं नव्हतं.

तो गेल्यावर सिसेलनं 'स' कापणारं बटण फिरवलं. हवं तेवढं, मग त्याहून थोडं जास्त. ऑडनी बोबडी बोलू लागली. सिसेलला फार बरं वाटलं. तिनं आणखी फिरवलं.

मग नेमकं काय कापलं गेलं, ते तपासायला तिनं हेडफोनवर नुसता कापलेला आवाज लावला. त्यात शब्द नव्हते. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसे फक्त सुस्कारे. स्स... स्स... वाक्य संपलं. ऑडनी श्वासाला थांबली, पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली.

सुस्कारे थांबले नाहीत.

"स्सि... स्से..."

सिसेलच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे वाचन झालं तेव्हा तिचं नाव या घरात कुणाला ठाऊकही नव्हतं! तिनं किंचाळून हेडफोन भिरकावला आणि बटण शून्यावर आणलं.

"घे बाई ऑडनी... तुझा 'स' तुला परत."

योस्टाइन धावत आला. "काय झालं गं?"

"कुणीतरी 'सिसेल' म्हणालं..."

ती दचकली. तिच्याच तोंडून 'स' शिट्टी मारत निघाला होता.

योस्टाइनचा चेहरा उजळला. इतका आनंद तिनं तिथं कधीच पाहिला नव्हता.

"पुन्हा म्हण ना," तो कुजबुजला. "एकदाच..."

सिसेलनं ओठ घट्ट मिटले. वर तळहात दाबून धरला.

तरीही खोलीत हाक आली, अगदी जवळून, लाडिक.

"योस्स्टाइन..."

आणि त्यानं ओ दिली.