पारूच्या बांगडीची निशाणी

बोईसरच्या चावडीत तलाठी होऊन मला सहा वर्षं झाली होती. साल १९६३. आधीच्या तलाठ्याचा चष्मा अजून टेबलाच्या खणात पडून होता. चष्म्याशिवाय मला स्वतःला दोन पावलांपुढचं दिसत नाही. हा गृहस्थ बदलीच्या गावी पोचला तरी कसा, अशी मी चेष्टा करायचो.

वीजकेंद्रासाठी तेव्हा जमिनी घेतल्या जात होत्या. पाड्यावरची लाडकी वारसनोंद करायला आली. शनिवारपर्यंत तिचा वंश कागदावर लागला नाही, तर बदल्यातली जमीन तिला मिळणार नव्हती. कडेवर तान्ही पोर होती.

मी शेतसाऱ्याची जुनी दप्तरं काढली. मोडी मी घडाघडा वाचतो. मागे जात जात थेट १८६३ गाठलं. दर साली एकच नाव, पारू. लिहिता न येणाऱ्या बायका सहीऐवजी बांगडी शाईत बुडवून उठवत, तसा ठसा. प्रत्येक ठशात त्याच जागी टवका उडालेला. चार ठिकाणी शेरा होता, ‘पारू मयत’. आणि पुढच्याच साली पुन्हा पारूनं सारा भरलेला.

नातीला आजीचं नाव ठेवतात, बांगडीही तिलाच देत असतील, असा मी अर्थ लावला.

"ही शेवटची पारू तुझी कोण?"

"आजी."

"वारली कधी?"

लाडकीनं पोर छातीशी घट्ट धरली. "ती दिसत नाय आता. पन मेली म्हनून लिवू नका, भाऊसाहेब."

"मग तुला जमीन कशी मिळणार?"

तिनं पोरीच्या डोक्यावर पदर ओढला. "लिवनार तुमी. मी सांगितलं नाय हां."

मी हसलो आणि लिहिलं, ‘पारू मयत’. लाडकी मागे न बघता निघून गेली.

मी सहज मागची पानं पुन्हा चाळली. प्रत्येक ‘मयत’खाली अक्षर बदललं होतं. शेरा लिहिणाऱ्या तलाठ्याची त्यानंतर एकही ओळ नव्हती. चौथं अक्षर चष्मा विसरून गेलेल्या त्या तलाठ्याचं.

"बदली झाली असेल," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यानंतरची सहा वर्षं पारूचा सारा मीच घेतला होता. नोंदी माझ्या हातच्या. पण ती बाई दिसायची कशी, ते काही केल्या आठवेना.

मी घाबरलो. सरळ घाबरलो. शेरा खोडावा म्हणून आजचं पान उघडलं.

माझ्या ओळीखाली पुढच्या सालाची नोंद होती. पारू, सारा भरला. टवका उडालेली बांगडी. शाई ओली.

अक्षर माझं नव्हतं.

नीट पाहावं म्हणून चष्मा पुसायला काढला. पुसला. मग कळलं, डोळ्यांवर न चढवता मी तो नकळत खणात ठेवला होता, आधीच्या तलाठ्याच्या चष्म्याशेजारी.