आखाजीच्या दुपारी आलेली हाक

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे घडलेलं आहे. ते घर शिंदखेड्यात आहे, आजही त्यात माणसं राहतात.

मागच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट. आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची होती.

रत्नाची सासू भागाबाई हिवाळ्यात गेली. पितरांसाठी आखाजीला पाण्याची घागर भरतात, तिच्या नावाची ती पहिलीच घागर.

दोन वर्षं भागाबाई अंथरुणावर होती. सगळं रत्नानंच केलं. पण सासूचा आवाज शेवटपर्यंत तसाच. खालचा, ठाम. हाक एकदाच. जीव कासावीस झाला तरी विनवणी नाही. "रत्ना, कूस बदली दे." एवढंच.

रत्नाचं बोलणं मात्र शेजारच्या खोलीतही जायचं नाही. पोटातून आवाज काढायला सासू सांगायची, "जरा पोटमाईन बोल व, माय."

त्या दिवशी पहाटेपासून चूल. पुरणाचे मांडे, आमरस. विस्तवावर पितरांचा घास टाकून झाला. जेवून रत्नाचा नवरा दीपक गल्लीत पत्त्यांच्या डावाला गेला. छोटी लेक स्नेहल तापानं निजलेली. रत्नानं मागच्या दाराला कडी घातली आणि फरशीवर अंग टाकलं. हाडं नुसती ठणकत होती.

पंखा थांबला. लाइट गेली असेल...

मग कावळेही गप्प झाले.

आणि मागच्या दाराशी...

"रत्ना... दार उघाड व."

सासूचाच आवाज.

रत्ना घाबरलीसुद्धा नाही. इतकी दमलेली होती. सासूनं बोलावलं की उठायचं, पाणी द्यायचं, अंगाला सवयच ती. घागरीतून तांब्या भरला. कडीवर हात ठेवला.

"तिस लागनी माले. तुना पाया पडस, रत्ना... उघाड."

हात तिथंच थांबला.

भागाबाई देवाखेरीज कुणाच्या पाया पडली नव्हती. मरतानाही नाही.

आवाज हुबेहूब तिचा. पण त्या आवाजात भागाबाई नव्हती.

दाराखालच्या फटीतून उन्हाची रेघ आत आली होती. अखंड. दाराशी कुणाची सावलीच नव्हती...

"मंग पोरले तरी धाड."

आत स्नेहल उठून बसली. "आजी बोलावते," म्हणाली, आणि खाटेवरून पाय खाली सोडले.

रत्ना दाराला पाठ लावून उभी राहिली.

आणि घरात कुणीतरी बोललं. खालच्या, ठाम आवाजात. एकदाच.

"या घरमा कोनी पाया पडत नही. नींघ."

बाहेर काही हललं नाही. थोड्या वेळानं पंखा फिरू लागला. हातातला तांब्या रिकामा होता...

फरशी कोरडी.

संध्याकाळी शेजारच्या मंजुळाबाई ओट्यावर टेकल्या. "रत्ना, दुपारले भागाअक्काना आवाज ऐकू उना माले. कोनले तरी 'नींघ' म्हने."

मीच बोलले असेन, असं रत्ना स्वतःला सांगते. पण ओठ हलल्याचं तिला आठवत नाही.

आता तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. दुसऱ्यांदा हाक मारावी लागत नाही. सासूमागं घर चांगलं सांभाळलं, असं लोक म्हणतात. ती मान हलवते, कामाला लागते.

फक्त तिनं स्नेहलला हाक मारली, की पोर आधी आईकडे बघत नाही...

मागच्या दाराकडे बघते.